थंडीच्या तोंडावर कोंबड्यांचे खुराडे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

थंडीची चाहूल लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो आणि खुराडे उबदार कसे ठेवावे, हा एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो. या वेळी निवडलेली पत्रे बहुतेक परसात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्यांची आहेत, म्हणून उत्तरेही त्यांनाच समोर ठेवून दिली आहेत.

प्रश्न : मागच्या थंडीत वारा लागू नये म्हणून मी खुराड्याला चारही बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळला होता. तरीही कोंबड्या शिंकत होत्या, सकाळी दार उघडले की डोळ्यांना झोंबणारा वास येई आणि छताच्या पत्र्यावरून आत पाणी ठिबकलेले दिसे. कोंबड्या वीस आहेत. या वेळी आणखी जाड कागद लावावा का?

जाड कागदाने त्रास कमी होणार नाही, उलट वाढेल, कारण आपण लिहिलेली तिन्ही लक्षणे कोंदटपणाची आहेत. पत्र्यावरून ठिबकणारे ते पाणी बाहेरून आलेले नसून कोंबड्यांच्याच श्वासातून आणि विष्ठेतून आलेले असते. अंडी देणारी एक कोंबडी दिवसाकाठी साधारण २०० ते २५० मिलिलिटर पाणी पिते, म्हणजे आपल्या वीस कोंबड्या मिळून ४ ते ५ लिटर. त्यातले थोडे अंड्यांत जाते आणि बाकीचे श्वासावाटे व विष्ठेवाटे बाहेर पडते. ताज्या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. थंडीतल्या लांबलचक रात्री हे सारे बंद खुराड्यात साठते, वाफ थंड पत्र्याला लागून तिचे पुन्हा पाणी होते आणि ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटत राहतो. आपल्या डोळ्यांना झोंबला तो हाच वायू.

कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि ते टिकवण्याचे काम तिची पिसे करतात. ती पिसे फुलवते तेव्हा त्यांच्या थरांमध्ये हवा अडकून राहते आणि त्या हवेमुळे अंगातली ऊब बाहेर जात नाही. पिसे दमट झाली की हा थर निकामी होतो, त्यामुळे कोरड्या खुराड्यात कडक थंडीही सहज काढणारी कोंबडी दमट खुराड्यात त्याहून कितीतरी कमी गारठ्यात कुडकुडते. दुसरीकडे अमोनिया तिच्या श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांना इजा करतो. श्वासाबरोबर आत येणारी धूळ आणि जंतू बाहेर लोटणे हे त्या केसांचे काम असते. ते थंडावले की सर्दी, घरघर आणि श्वसनाचे जुनाट आजार यांना वाट मोकळी होते. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे २५ भाग झाले की ते प्रमाण पक्ष्यांसाठी अपायकारक मानले जाते. माणसाच्या नाकाला हा वास त्याआधीच जाणवू लागतो, पण नाक त्याला लवकर सरावते, म्हणून वासाची पारख सकाळी दार उघडल्या उघडल्या आणि कोंबडीच्या उंचीला वाकून करावी. उभ्याने वास घेऊन समाधान मानणाऱ्यांची फसगत होते.

आता करायचे काय? रात्री कोंबड्या ज्या दांडीवर बसतात, त्या दांडीच्या उंचीपर्यंतच्या भिंती आणि जाळ्या नीट बंद कराव्यात. दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर, छताला लागून, दोन समोरासमोरच्या बाजूंना झरोके रात्रंदिवस उघडे ठेवावेत. उबदार दमट हवा हलकी असल्यामुळे वर चढते आणि तिथून निघून जाते, तर बाहेरची हवा वरच्या वर मिसळत असल्याने थेट अंगावर येत नाही. एक ढोबळ ठोकताळा असा की जमिनीच्या क्षेत्रफळाच्या सुमारे दहाव्या भागाइतकी जागा हवेसाठी असावी, आणि वाऱ्याचे जोराचे दिवस वगळता ती पूर्ण बंद करू नये. झरोक्यांना जाळी लावावी व त्यावर छताची पागोळी पुरेशी पुढे आलेली असावी, म्हणजे पाऊस किंवा दव आत येणार नाही.

जाळीच्या बाजूंना पडदे लावणार असाल तर ते कसे बांधले आहेत याला पडद्याच्या जाडीपेक्षा अधिक महत्त्व आहे. पुष्कळ ठिकाणी पडदा वरून खिळलेला असतो आणि खालून गुंडाळून वर घेतला जातो. अशा पडद्याला थोडी जरी फट ठेवली तरी ती खाली, नेमकी कोंबड्यांच्या अंगाशी पडते. त्याऐवजी पडद्याची खालची कड पक्की बांधावी आणि वरची कड दोरीने खाली-वर करता येईल अशी ठेवावी, म्हणजे पडदा कितीही उघडला तरी उघडी जागा वरच राहते. गोणपाटाचे पडदे प्लॅस्टिकपेक्षा बरे, कारण त्यांतून थोडी हवा जाते, मात्र ते भिजले तर तातडीने वाळवावे लागतात.

वाऱ्याचा झोत कुठून येतो हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी खुराड्यातच पडलेले एखादे मऊ बारीक पीस दोऱ्याच्या टोकाला बांधून ते दांडीच्या उंचीला टांगून ठेवावे आणि वारा असलेल्या संध्याकाळी पाहावे. पीस किंचित थरथरत असेल तर हवा ठीक खेळते आहे; ते सतत एका दिशेला ढकलले जात असेल तर त्याच्या उलट बाजूला फट शोधावी. दाराच्या खालची फट आणि अंडी काढण्याच्या झाकणाची कड ही दोन ठिकाणे हमखास निसटतात.

पत्र्याचे छत असल्यास त्यावर किंवा त्याखाली पेंढ्याचा, गवताचा अथवा तत्सम थर द्यावा, म्हणजे पत्रा आतून तितका गार पडणार नाही व पाणी धरणार नाही. थर्मोकोल वापरल्यास तो फळीने झाकावा, कारण कोंबड्या तो टोचून टोचून खातात.

प्रश्न : आमच्याकडे रात्री तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरते. मोठ्या कोंबड्यांसाठी खुराड्यात तापणारा बल्ब लावावा की कोळशाची शेगडी ठेवावी?

शेगडी मुळीच ठेवू नये. बंद जागेत धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला वास नसतो, आणि सकाळी मेलेल्या कोंबड्यांकडे पाहून लोक थंडीला दोष देतात.

बल्बची गोष्ट थोडी निराळी आहे, तरीही पूर्ण पिसे आलेल्या निरोगी कोंबड्यांना आपण लिहिलेल्या तापमानात त्याची गरज नाही. खुराडे कोरडे असेल, झोत नसेल आणि पोटभर खाद्य मिळत असेल, तर प्रौढ कोंबड्या शून्याखालचे तापमानही सोसतात. कृत्रिम उष्णतेच्या सवयीत एक अडचण अशी की ज्या रात्री वीज जाते ती बहुधा वाईट हवामानाचीच रात्र असते, आणि त्या रात्री उबेला सरावलेल्या पक्ष्यांना एकाएकी गारठ्यात सापडावे लागते. त्याहून मोठा धोका आगीचा आहे. बाजारात मिळणारा इन्फ्रारेड बल्ब बहुधा २५० वॉटचा असतो. खुराड्यात कोरडे तूस, पिसांची धूळ आणि जळमटे असतात, आणि फडफडणारी कोंबडी त्या बल्बला धक्का देऊ शकते. हे तिन्ही एकत्र आले की काय होते ते सांगण्याची गरज नाही.

अपवाद म्हणून आजारी पक्षी, जोरात पिसे गाळत असलेली कोंबडी, उघड्या मानेच्या जातीचे पक्षी आणि पिले यांना उबेची सोय करावी लागते. ती करताना दिवा नुसत्या वायरीवर लोंबकळत ठेवू नये. त्याला साखळीचा वेगळा आधार द्यावा, भोवती जाळीचे संरक्षण असावे, तो गादीपासून, म्हणजे जमिनीवर पसरलेल्या तूस-भुशाच्या थरापासून, किमान ४५ सेंटिमीटर वर असावा, आणि पक्ष्यांना उबेपासून दूर जाण्याइतकी जागा आत मोकळी राहावी.

बल्बवर खर्च करण्याऐवजी बसण्याची दांडी पाहावी. ती लोखंडी नळीची असेल तर ती बदलणे हा थंडीतला सर्वांत स्वस्त आणि उपयोगी बदल ठरेल, कारण धातू पायांतली ऊब ओढून घेतो. दांडी लाकडी, ५ ते ८ सेंटिमीटर रुंद, वरून सपाट आणि कडा गोलसर केलेली असावी. अशा दांडीवर कोंबडी पाय पसरून बसते आणि पोटाची पिसे बोटांवर उतरवून ती पूर्ण झाकून घेते. बारीक गोल दांडीवर मात्र बोटे खालून उघडीच राहतात. दर कोंबडीमागे २० ते २५ सेंटिमीटर जागा धरावी. त्याहून फार जास्त जागा दिली तरी थंडीत त्या एकमेकींना खेटूनच बसतील. दांड्या शक्यतो एकाच उंचीला बांधाव्यात, कारण वरची दांडी दिसली की तिच्यासाठी संध्याकाळी भांडणे होतात आणि दुबळी कोंबडी खाली, गार जागेत उरते.

प्रश्न : थंडीत गादी किती जाड असावी, आणि ओल शोषण्यासाठी तिच्यात चुना मिसळावा असे सांगतात ते बरोबर आहे का? मी दर पंधरा दिवसांनी सगळी गादी काढून नवी घालतो.

गादी १० ते १५ सेंटिमीटर जाड असावी. भाताचे तूस, लाकडाचा जाडसर भुसा, शेंगांची फोडलेली टरफले यांपैकी जे सहज आणि कोरडे मिळेल ते चालते. पेंढा वापरायचा असल्यास तो बारीक कापून घालावा, कारण लांब पेंढ्याची चटईसारखी जाळी बसते आणि तिच्याखाली ओल दडून राहते. बुरशीचा वास येणारा पेंढा किंवा भुसा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण बुरशीच्या कणांमुळे पक्ष्यांना, विशेषतः पिलांना, फुप्फुसाचा आजार होतो.

दर पंधरा दिवसांनी सगळी गादी बदलण्याचे आपले कष्ट वाया जात आहेत, असे मला वाटते. जाड गादीत विष्ठा आणि तूस मिसळून सावकाश कुजतात. त्या कुजण्यातून थोडी ऊब निघते आणि मुरलेल्या गादीत ओल धरून ठेवण्याची व सोडण्याची शक्ती ताज्या तुसापेक्षा अधिक असते. हे सर्व घडायला आठवडे लागतात आणि आपण ते दर पंधरवड्याला मोडता. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा दाताळ्याने गादी खालीवर करावी, पाण्याच्या भांड्याजवळचा आणि दांडीखालचा ओला गठ्ठा तेवढा उचलून टाकावा आणि त्या जागी नवे तूस घालावे. दांडीखाली एक फळी ठेवून रोज सकाळी तिच्यावरची विष्ठा खरवडून काढली, तर रात्रीची विष्ठा गादीत जातच नाही. हा रोजचा पाच मिनिटांचा उद्योग ज्यांनी लावून घेतला आहे, त्यांच्या खुराड्यात वासाची तक्रार क्वचितच आढळते. संपूर्ण गादी थंडी सुरू होण्यापूर्वी एकदा काढून जमीन वाळवावी आणि थंडी संपल्यावर पुन्हा काढावी.

गादीची ओल हाताने ओळखता येते. मूठभर गादी उचलून घट्ट दाबावी आणि मूठ उघडावी. गोळा तसाच राहिला आणि तळव्याला ओल लागली, तर गादी फार ओली आहे. गोळा क्षणभर टिकून आपोआप भुगा झाला तर ती योग्य आहे, म्हणजे तिच्यात २० ते २५ टक्के ओलावा आहे. मूठ उघडताच सगळे सुटे होऊन धूळ उडाली तर ती गरजेपेक्षा कोरडी आहे आणि धुळीनेही श्वासाला त्रास होतो. नमुना एकाच ठिकाणचा घेऊ नये. कोपऱ्यातला, मधला आणि पाण्याजवळचा असे निदान तीन घ्यावेत.

चुन्याबाबत पुष्कळ ठिकाणी दिला जाणारा सल्ला मला पटत नाही. चुना ओल शोषतो हे खरे, पण त्याने गादीचा अल्कधर्मीपणा वाढतो आणि अल्कधर्मी गादीतून अमोनिया अधिक वेगाने सुटतो. म्हणून कोंबड्या आत असताना, झरोके अपुरे असलेल्या खुराड्यात चुना टाकल्यास वास कमी होण्याऐवजी काही दिवस वाढलेला जाणवतो; शिवाय विरलेला नसलेला चुना पायांना आणि डोळ्यांना भाजतो. खुराडे रिकामे करून धुतल्यावर भिंतींना आणि जमिनीला चुन्याचा हात द्यावा आणि पूर्ण वाळल्यावरच गादी पसरावी, हा चुन्याचा योग्य उपयोग होय. अमोनिया बांधून ठेवण्यासाठी सुपर फॉस्फेटसारखे आम्लधर्मी पदार्थ वापरले जातात, परंतु दहा-वीस कोंबड्यांच्या खुराड्यात गादी हलवणे आणि झरोके उघडे ठेवणे एवढ्यावर भागते.

प्रश्न : थंडी पडताच अंडी निम्म्यावर आली. मक्याने अंगात उष्णता वाढते म्हणून मी फक्त मका देऊ लागलो, तरी फरक नाही. काय चुकते आहे?

अंडी कमी होण्यामागे थंडीपेक्षा लहान दिवसाचा हात मोठा असतो. कोंबडीला अंडी द्यायला लावणारी संप्रेरके प्रकाशाच्या कालावधीनुसार चालतात आणि भरपूर अंड्यांसाठी तिला दिवसाला १४ ते १६ तास प्रकाश लागतो. दिवस आखडू लागला की पुष्कळशा प्रौढ कोंबड्या पिसे गाळून नवी पिसे आणतात, आणि पिसे बहुतांशी प्रथिनांचीच बनलेली असल्यामुळे खाद्यातली प्रथिने अंड्यांऐवजी तिकडे वळतात. अशा कोंबडीकडून त्या काळात अंड्यांची अपेक्षा करणेच चूक आहे. तिला उगाच हाताळूही नये, कारण नवी उगवणारी पिसे रक्ताने भरलेली आणि दुखरी असतात.

इथेच आपल्या मक्याची अडचण येते. मक्यात ऊर्जा भरपूर असते, पण प्रथिने साधारण ८ ते ९ टक्के असतात, तर अंडी देणाऱ्या कोंबडीला १६ ते १८ टक्के प्रथिने आणि ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असलेले खाद्य लागते. फक्त मका मिळाला तर तिचे पोट भरते, अंगावर चरबी चढते आणि अंडी थांबतात. मका उष्ण असतो या समजुतीत तथ्य एवढेच की कोणतेही खाद्य पचताना शरीरात उष्णता निर्माण होते आणि अख्खे दाणे पचायला अधिक वेळ घेतात. म्हणून दिवसभर अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे नेहमीचे संपूर्ण खाद्य द्यावे आणि मावळतीच्या आधी, कोंबड्या दांडीवर चढण्यापूर्वी, मूठ-दोन मुठी दाणे पसरावेत. हे दाणे एकूण खाद्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त असू नयेत. एरवी ११० ते १२० ग्रॅम खाणारी कोंबडी थंडीत ऊब टिकवण्यासाठी अधिक खाते, तेव्हा मोजून-मापून खाद्य देणाऱ्यांनी माप वाढवावे. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, ज्या कोंबडीला हवा ती खाईल.

प्रकाश वाढवायचा असल्यास तो पहाटे वाढवावा. संध्याकाळी लावलेला दिवा एकदम बंद झाला की दांडीवर न पोचलेल्या कोंबड्या अंधारात जमिनीवरच बसून राहतात आणि रात्रभर गारठतात. पहाटेचा दिवा मात्र उजाडण्यात मिसळून जातो. आठवड्याला १५ ते ३० मिनिटे अशी वाढ करत १४ तासांपर्यंत पोचावे. उजेड लखलखीत नको. कोंबडीच्या उंचीला वर्तमानपत्र कसेबसे वाचता येईल इतका पुरे, आणि त्यासाठी लहानसा एलईडी दिवा भागतो. वेळ नेमकी राखण्यासाठी दिव्याला टायमर जोडावा, कारण दोन दिवस दिवा आणि दोन दिवस अंधार असा खेळ झाला तर कोंबड्या अवेळी पिसे गाळतात. ज्यांना अंड्यांची घाई नाही त्यांनी दिवा लावलाच नाही तरी काही बिघडत नाही.

पाण्याविषयी आपण काही लिहिले नाही, पण ते तपासावे. बर्फगार पाणी कोंबड्या कमी पितात. पाणी कमी झाले की खाणे कमी होते आणि अंडीही. सकाळी व दुपारी कोमट पाणी बदलून द्यावे. पाणी गोठू नये म्हणून त्यात मीठ घालण्याचा उपाय कोणी सांगितला तर ऐकू नये, मिठाने कोंबड्यांना विषबाधा होते. रात्री खाद्य आत नसेल तर पाणीही आत ठेवण्याची गरज नाही, आणि तेवढी ओल कमी होते.

प्रश्न : कोंबड्यांना लोकरीचे अंगरखे घालण्याची छायाचित्रे पाहिली. ते उपयोगी आहे का?

छायाचित्रापुरते आहे. अंगरख्याखाली कोंबडीला पिसे फुलवता येत नाहीत, चोचीने ती साफ करता येत नाहीत, लोकर ओल धरते आणि उवा-गोचिडांना आसरा मिळतो.

प्रश्न : दोन कोंबड्यांच्या तुऱ्याची टोके काळी पडली आहेत. हा हिमदंश असेल का? व्हॅसलीन लावावे का?

तापमान शून्याखाली गेले असेल आणि आधी टोके फिकट, राखाडी दिसून मग काळी, कोरडी झाली असतील, तर हिमदंशाची शक्यता आहे. उंच दातेरी तुऱ्याच्या कोंबड्यांना तो लवकर होतो, तुऱ्याची ठेवण बुटकी असलेल्यांना सहसा होत नाही. असा भाग चोळू नये, कापू नये, शेकू तर नयेच; त्या कोंबडीला कोरड्या, झोत नसलेल्या जागी ठेवावे, काळे टोक कालांतराने आपोआप गळून पडते. व्हॅसलीनने फार तर थोडी मदत होते. ज्या खुराड्यात तुऱ्यावर दमट हवेचे पाणी साचते त्या खुराड्यात लेप लावूनही टोके काळी पडतात, तेव्हा पहिल्या प्रश्नात सांगितलेले झरोके आधी पाहावेत.

तापमान तितके उतरले नसेल तर मात्र वेगळा विचार करावा. भांडणातल्या जखमांच्या खपल्या काळ्या दिसतात. देवीच्या रोगात तुऱ्यावर आणि चोचीभोवती खडबडीत फोड येऊन ते काळवंडतात. आणि टोकांऐवजी सगळाच तुरा निळा-जांभळा झाला, कोंबडी धापा टाकू लागली किंवा एकामागून एक पक्षी दगावू लागले, तर घरगुती उपाय न करता, मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने न शिवता, त्वरित पशुवैद्यकांना कळवावे.

प्रश्न : ऐन थंडीत एक दिवसाची पिले आणायची आहेत. मोठ्या कोंबड्यांसारखी त्यांचीही काळजी घेतली तर चालेल का?

चालणार नाही, कारण पिलांच्या अंगावर पिसे नसून लव असते आणि पहिले काही दिवस त्यांना स्वतःचे तापमान राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीला, म्हणजे गादीपासून सुमारे ५ सेंटिमीटरवर, ३५ अंश तापमान असावे; पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी ते उतरवत २१ अंशांच्या आसपास आणावे. थंडीत पिसे पूर्ण भरेपर्यंत, साधारण पाच-सहा आठवडे, ऊब चालू ठेवण्याची तयारी असावी.

ब्रूडर, म्हणजे पिलांना दिव्याने ऊब देण्याचा कोंडाळा, पिले येण्याआधी एक दिवस सुरू करावा. हवा तासाभरात तापते, पण खालची जमीन आणि गादी तापायला कितीतरी वेळ लागतो. गार गादीवर सोडलेली पिले वरच्या दिव्याने पाठीला भाजतात आणि पोटाला गारठतात. भोवतीचा कोंडाळा गोल असावा, कोपरे असल्यास पिले तिथे एकमेकांवर चढून गुदमरतात. पहिल्या दिवशी पाणी कोमट द्यावे.

तापमापक असला तरी खरी साक्ष पिलांचीच घ्यावी, विशेषतः रात्री उशिरा आणि पहाटे. दिव्याखाली गच्च गोळा होऊन ती चिवचिवत असतील तर ऊब कमी आहे. कडेला जाऊन चोच उघडी टाकून धापत असतील तर जास्त आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर समोरून वाऱ्याचा झोत येतो आहे. सारख्या अंतराने पांगून काही खात, काही पाय ताणून झोपलेली दिसली की सारे व्यवस्थित आहे असे समजावे. पिलांसाठी जागा बंदिस्त करताना सगळे पडदे वरपर्यंत ओढण्याचा मोह फार होतो. तसे केल्यास दोन-तीन दिवसांत पिलांचे डोळे पाणावतात. वरची फट त्यांनाही लागते. कमी पडणारी ऊब दिव्याने भरून काढावी, हवा कोंडून नव्हे. झपाट्याने वजन धरणाऱ्या मांसल जातींच्या बाबतीत तर गारठा आणि कोंदट हवा एकत्र आली की हृदयावर ताण येऊन पोटात पाणी होण्याचा रोग बळावतो.

खुडूक कोंबडीखाली अंडी बसवणार असाल तर थंडीत तिच्या अंगाखाली पूर्ण झाकली जातील तेवढीच ठेवावीत; एरवी बारा-पंधरा ठेवणाऱ्यांनी आठ-दहावर थांबावे. कडेची अंडी गार पडतात आणि कोंबडी ती आत ओढताना दुसरी बाहेर सारते, त्यामुळे शेवटी सगळ्यांचेच नुकसान होते.

प्रश्न : थंडी अजून महिनाभर लांब आहे. खुराड्यात आताच कोणती कामे उरकून घ्यावीत?

छत आणि भिंतींच्या दुरुस्त्या, गादी काढून जमीन वाळवणे आणि झरोके पाडणे ही कामे कोरड्या दिवसांतच करावीत. त्यांच्याबरोबर दोन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. पहिली म्हणजे तांबड्या गोचिडी, ज्या दिवसा फटींत लपतात आणि रात्री कोंबड्यांचे रक्त पितात. अंधार पडल्यावर पांढरे फडके घेऊन दांडीच्या खालच्या बाजूने, विशेषतः ती भिंतीला जिथे टेकते तिथे, दाबून फिरवावे. फडक्यावर लाल डाग उमटले तर दांड्या काढून फटी उकळत्या पाण्याने धुवाव्यात आणि पशुवैद्यकांच्या सल्ल्याने औषध वापरावे. रक्त कमी झालेली कोंबडी थंडीत टिकत नाही. दुसरी गोष्ट उंदीर-घुशींची. बाहेर खाणे कमी झाले की त्या खुराड्याकडे वळतात आणि त्यांच्या बिळांतूनच रात्रीचा वारा व मुंगसासारखे शिकारी आत येतात. म्हणून जमिनीलगतची जाळी १२ मिलिमीटरपेक्षा मोठ्या छिद्रांची नसावी आणि ती थोडी जमिनीत पुरलेली असावी.

धुळीत लोळण्यासाठी एका पसरट पेटीत कोरडी माती, वाळू आणि चाळलेली राख भरून छपराखाली ठेवावी, कारण अंगणातली माती दवाने भिजली की कोंबड्यांना लोळायला कोरडी जागा उरत नाही आणि उवा वाढतात. खाद्याची पोती भिंतीला टेकून न ठेवता फळीवर, जमिनीपासून उचलून ठेवावीत. तलंगा, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्या, नव्याने आणायच्या असतील तर त्या आताच आणून रुळू द्याव्यात. गारठ्याच्या रात्री दांडीवर नव्या कोंबडीला जागा मिळत नाही आणि तिला कोपऱ्यात जमिनीवरच रात्र काढावी लागते.